अडेलाचं माहेर

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण हे हिमानीच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि ती थापा मारणारी बाई नव्हे.

फेब्रुवारी २००४. मिशिगनमधलं नोव्हाय. शुक्रवारची दुपार, बाहेर गुडघाभर बर्फ.

तिचा नवरा परीक्षित गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. हिमानी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी बंद! इतिहासात एम.ए. केलेली बाई घरात किती पोळ्या लाटणार? मग ती इंटरनेटवरच्या एका ग्रुपसाठी युरोपातल्या जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासायची. फुकट, पण जीव ओतून.

त्या दिवशी तिच्यासमोर अडेला होती. आठशे वर्षांपूर्वीची फ्रान्समधली सरदारीण. नवरा माहीत, मुलं माहीत. बाप म्हणून एका उमरावाचं नाव चालत आलेलं, पण त्याला पुरावा कुठेच नाही.

हिमानीने ते नाव काढून टाकलं. लिहिलं, ‘वडील अज्ञात’.

परीक्षितला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “काय यार! बिचारीचं माहेरच तोडलंस.”

“पुरावा नाही, तर बाप नाही,” ती हसून म्हणाली.

फोन ठेवला... आणि स्वयंपाकघरातून हुंदका आला.

बाईचा. दाबलेला.

ती धावत गेली. तिथे कोणीच नव्हतं.

दर शनिवारी सकाळी नागपूरहून बाबांचा मिस कॉल यायचा. मग ही कॉलिंग कार्डावरून फोन लावायची. लग्न झाल्यापासून एक शनिवार चुकला नव्हता.

त्या शनिवारी... फोन वाजलाच नाही.

शेवटी तिनेच लावला.

“बाबा, मी हिमानी.”

“कोण हिमानी?”

“बाबा, चेष्टा पुरे हं!”

“अहो बाई, राँग नंबर लागलाय. माझी लेक इथे माझ्याजवळच बसली आहे.”

आईने फोन घेतला. ती रडत होती. “काल रात्रीपासून असंच चाललंय गं. मला ओळखतात, तुझ्या दादाला ओळखतात, अगदी दूधवाल्यालासुद्धा. तू तेवढी आठवत नाहीस. स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतात. दोन कप चहा मागतात...”

“मग?”

“दोन्ही रिकामे होतात.”



तिने अडेलाच्या बापाचं नाव परत घातलं. ग्रुपवाल्यांनी ते लगेच उडवलं. तिचेच मुद्दे तिच्या तोंडावर मारले.

आठवडा गेला. बाबा तिला ‘अहो बाई’च म्हणत राहिले. जाऊन यावं, तर व्हिसाचं रिन्युअल अडकलेलं. रडून रडून तिचे डोळे सुजले. बाप जिवंत असून आपल्याला बाप नाही! तेव्हा तिला अडेलाचं दुःख कळलं.

मग तिने जे केलं, ते आपल्याकडची बाईच करू जाणे.

भर दुपारी हॉलमध्ये खुर्ची मांडली. तिला हळदकुंकू लावलं. खुर्चीवर खण पसरला, नारळ ठेवला, ताटातले सगळे तांदूळ त्यावर ओतले. चक्क ओटी भरली!

“बाई गं,” ती म्हणाली, “तुझा बाप मला सापडला नाही. पण माझा बाप माझ्यापासून तोडू नकोस. माझं माहेर ते तुझं माहेर.”

हातावर ठेवायला साखर आणायला ती आत गेली.

परत आली, तर रिकाम्या ताटात... तांदळाचे चार दाणे.

ओटी घेणारी बाई त्यातले चार दाणे परत ताटात टाकते. ही आपली रीत. फ्रान्सची नव्हे!

तेवढ्यात फोन वाजला. वाजतच राहिला.

“हिमे! कुठे होतीस गं इतके दिवस?”

बाबा! ती नुसती ढसाढसा रडत राहिली.

“अगं वेडे, रडतेस काय? बरं, ती पोचली का नीट? तिकडे थंडी फार, स्वेटर दे तिला. दोघी बहिणी सांभाळून राहा.”

हिमानीला बहीण नाही.

बाबा आता ठणठणीत आहेत. दर शनिवारी आधी तिची चौकशी करतात, मग हिमानीची.

“बरी आहे,” हिमानी सांगते. दुसरं काय सांगणार? आणि आपण खोटं बोलतोय, असंही तिला आता वाटत नाही.