पीठ झालेला ग्रॅनाइट

डोंगरापलीकडच्या शहराच्या विहिरी आटल्या होत्या. अलीकडच्या तलावातून बोगद्याने तिकडे पाणी नेता येईल का, हे पाहायला आम्ही तिघे दरीत उतरलो: मी, ड्रिल चालवणारे मिस्त्री आणि दोराच्या कामात तरबेज असलेला माझा मेहुणा. त्याची आई त्याच शहरात राहत होती. बोगदा झाला नाही, तर शहर उठवावे लागणार होते.

पहिल्या दिवशी ग्रॅनाइट हातोड्याखाली खणखणीत वाजला. दुसऱ्या दिवशी मात्र खडकाचा स्वभावच पालटला. प्राचीन काळी इथे जमीन चिरली होती आणि कोट्यवधी वर्षे तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत राहिल्या होत्या. मळलेली कणीक ताणावी तसे गुलाबी स्फटिक ताणले गेले होते. पुढे त्यांचा चुरा झाला होता आणि अखेर ओले, पांढरे पीठच उरले होते. असा पन्नास मीटरचा पट्टा बोगद्याला आतून आधार देणाऱ्या आमच्या लोखंडी कड्या पेलू शकत होत्या. त्याहून जास्त नाही.

"भाऊजी, हा तुमचा ग्रॅनाइट? चमच्याने खाता येईल की!" गुडघाभर रुतलेला मेहुणा म्हणाला.

"आधी पाय काढ, मग जेव," मिस्त्री उत्तरले.

चाळिसाव्या मीटरला काळसर भिंत लागली. मी हातोडा मारला. खण्ण!

"सापडला!" मेहुणा ओरडला.

भिंतीखाली खोल घळ होती. त्याने भिंतीत खिळा ठोकून एक दोर अडकवला, दुसरा मिस्त्रींच्या कमरेला बांधला आणि ड्रिल घेऊन तो लोंबकळला. एक मीटर. दोन मीटर. पक्का खडक! तिसऱ्याला ड्रिल सर्रकन आत गेले. भोकातून पांढरा चिखल वाहू लागला.

मी आवाजावर विसंबलो होतो. भिंतीच्या कडा तपासल्याच नव्हत्या. ती पिठात तरंगणारी एक शिळा होती!

"सोड ते! वर ये!"

शिळा कलली. खिळा निखळला. मिस्त्री पालथे पडले, मी त्यांचे पाय धरले. शिळा घळीत कोसळली! आम्ही इंचाइंचाने मेहुण्याला वर ओढले.

शिळेमागे, पन्नास मीटरच्या कितीतरी पुढे, नजर पोहोचेल तिथवर, पांढरे पीठच होते.

छावणीत मी अहवाल लिहिला. मेहुणा शेजारी बसला.

"भाऊजी, 'कदाचित' एवढंच लिहा ना."

"त्या एका शब्दावर लोक आणखी एक उन्हाळा तिथंच थांबतील रे."

"आई तर थांबेलच," तो म्हणाला.

मी 'बोगदा अशक्य' असे लिहिले. नियमाप्रमाणे तिघांच्या सह्या लागत. मिस्त्रींनी मान खाली घालून सही केली. मेहुण्याने कागद दोनदा वाचला, पेन मागितले आणि आपले पूर्ण नाव लिहिले.