आईने केलेला गज

“बाबा, आईने केलेल्या गजामुळे तुमचा हात गेला, हे खरं का?”

जेवणाच्या टेबलावर प्रश्न टाकून चिमणी मोकळी झाली खरी, पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, शब्द परत गिळता आले असते तर... शाळेच्या वाद्यवृंदातल्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुलाच तेवढं माहीत नाही, हिंमत असेल तर विचारून दाखव. आणि चिमणीला हिमतीची काय कमी! स्वतःच्या दुप्पट आकाराचा डबल बास, व्हायोलिनच्या जातीचं ते सगळ्यात मोठं वाद्य, ओढत आणि तारांवर फिरवायचा गज काखेत मारून ती शाळेच्या फाटकातून शिरली की पोरं विचारायची, आज कपाट कुठे हलवतेस. ती म्हणायची, तुम्हांला आत कोंबून नदीपलीकडे नेतेय.

 बाबांचा उजवा हात, ज्याची शेवटची दोन बोटं कायमची आत वळलेली होती, हळूच टेबलाखाली गेला. ‘नाही’ एवढा एक शब्द पुरला असता... तो आला नाही. आईने सगळ्यांची ताटं एकात एक ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, कुणाला अजून काही वाढू का? 

मग तुकड्यातुकड्यांनी तिला कळत गेलं. बाबा मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बास वाजवायचे. लग्नानंतर आईने त्यांच्या हाताचा अंदाज घेत घेत एक गज घडवला, आणि जे वाद्य तोवर मागे उभं राहून नुसतं गुरगुरत होतं ते गायला लागलं! लोक बाबांना ऐकायला येऊ लागले. आणि मग त्यांची बोटं बधिर झाली... गजाने हात खाल्ला, असं लोक म्हणाले. त्यानंतर आईने एकही नवा गज केला नाही. तळमजल्यावरच्या खोलीत बसून ती दुसऱ्यांच्या जुन्या गजांना घोड्याचे नवे केस तेवढे लावून देई. तो गज कपाटात बंद होता; आईने त्याला पुन्हा हात लावला नव्हता.

कपाटाची किल्ली कपाटावरच असायची. चिमणीने गज काढला, त्याच्या केसांना राळ घासली आणि तो तारेवर ठेवला.

शाळेच्या गजाने तिचा बास जड खुर्ची ओढल्यासारखा करकरायचा. आता पायाखालच्या फळ्यांतून एक खोल, काळाभोर स्वर वर आला, शोकेसमधले पेले थरथरले, आणि हा आवाज माझा आहे या जाणिवेने तिचं सर्वांग शहारलं! ती तो गज गुपचूप शाळेत नेऊ लागली, आणि वाद्यवृंदाच्या सरांनी वार्षिक कार्यक्रमात तिला एकटीने वाजवायला सांगितलं. बासवालीला पुढे बोलावलंय, हे शाळेत कधी घडलंच नव्हतं.

पण गजाचं टोक सारखं खाली ओढायचं. ते ओढणंच तर तो आवाज देत होतं... काही दिवसांनी करंगळीला मुंग्या आल्या. तिने हात झटकला आणि आणखी वाजवलं. एका सकाळी सदऱ्याचं बटण लागेना, तेव्हा ती स्वतःशीच हसली, पण आत कुठेतरी गार पडली. तरी गज सोडवत नव्हता. कार्यक्रम तोंडावर आला होता.

आदल्या दुपारी, घरात कुणी नाही असं समजून ती वाजवत होती. आई दारात येऊन उभी राहिली.  तिने गजाकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते लेकीच्या हाताकडे.

“डोळे मिट. मी कुठल्या बोटाला हात लावते ते सांग.”

चिमणीने डोळे मिटले. वाट पाहिली. “लाव ना, आई.”

“लावलाय गं केव्हाचा...”

आईच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडू लागलं. गज बाजूला ठेवायला म्हणून तिने उचलला, आणि थबकली. सवयीने तिने तो एका बोटावर तोलून पाहिला. टोक खाली गेलं. पुन्हा पाहिला. पुन्हा तेच. हा तोल माझा नाही, असं पुटपुटत ती जिना उतरली, मागोमाग चिमणी. आईने जुने केस कापले, टोकाच्या खाचेतली लाकडी पाचर उचकटली, आणि पाचरीखालून शिशाचा एक करडा तुकडा टेबलावर पडला.

जिन्यात बाबा उभे होते. ते खालच्या पायरीवर बसले.

“ते शिसं मीच घालून घेतलं, दुसऱ्या कारागिराकडून. लोक ऐकायला यायला लागले ना... मला आवाज आणखी मोठा हवा होता. तुला सांगितलं असतं तर तू काढायला लावलं असतंस.”

आईने तो तुकडा उचलून तळहातावर घेतला. “लोक मला बोलायचे तेव्हा तुम्ही शेजारीच बसलेले असायचात. मी रात्रंदिवस मनातल्या मनात शोधत राहिले, माझी पटाशी कुठे चुकली म्हणून...”

बाबा लहान मुलासारखे रडले. आपल्या वाकड्या बोटांनी त्यांनी आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही; धरलाही नाही. एवढंच म्हणाली, “आधी पोरीला डॉक्टरांकडे न्यायचंय.”

डॉक्टरांनी बोटं वाकवून, दाबून पाहिली. लवकर आलात, म्हणाले. हात पूर्ण बरा होईल का, या प्रश्नावर मात्र ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

 घरी दिवा लागला तशी चिमणी आईबाबांसमोर उभी राहिली. तिचा हात बांधलेला होता, आवाज मात्र स्वच्छ होता.

“उद्या मी वाजवणार नाही. पण माझ्या वेळेला मी स्टेजवर जाणार आहे, आणि आईचा गज कसा होता आणि त्यात शिसं कुणी घातलं, ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. बाबा, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात तर मला बरं वाटेल. नाही आलात, तर मी एकटी सांगेन.”