बसलेला पाटा

वर्कशॉपच्या दाराशी एक बाकडं होतं. मोडीत काढलेल्या ट्रकचा लांबलचक पाटा, त्याला दोन टोकांना लोखंडी पाय. बसलं की लवायचं, उठलं की वर यायचं. बाई तिथे चहा घेऊन बसल्या की त्यांचा धाकटा भाऊ मुद्दाम शेजारी धप्पकन बसायचा, आणि बाईंचा निम्मा चहा साडीवर.

"ढोल्या, माणसासारखा बस की जरा."

"पाटा तपासतोय ताई. तुझं काम सोपं करतोय."

भाऊ चाचणीचा ड्रायव्हर. अंगाने असा भक्कम, की सगळं वर्कशॉप त्याला ढोल्याच म्हणायचं. बाई अवजड गाड्यांच्या पाट्यांचं डिझाइन करायच्या. पाटा म्हणजे एक्सलवर एकावर एक रचलेले पोलादी पट्टे, कमानीसारखे वाकवलेले. गाडीचा सगळा भार त्यांच्या उरावर. बाईंच्या नव्या पाट्यात पट्टे कमी होते, वजनाला हलके होते, आणि बाईंना त्याचा तोरा होता. असेना का! बिडाची वजनं भरून गाडी खड्ड्याखड्ड्यांतून पिटाळली, तरी कुठे तडा गेला नव्हता. आता सोमवारी ढोल्या तीच गाडी डोंगरातल्या उतारावर नेणार होता. पाटे धड आहेत अशी बाईंनी सही करायची, एवढंच उरलं होतं.

शनिवारी वजनं उतरवली. भार गेला की पाटा पुन्हा वर उठतो. पण पट्टे एकमेकांना घासून अडकून राहतात, म्हणून या कामात एक रीत आहे. कुणीतरी ट्रकच्या बंद डब्यात चढून मागच्या एक्सलवर उड्या मारायच्या. पट्टे मोकळे होतात, मग त्याने उतरायचं, आणि मग माप घ्यायचं. वर्कशॉपात याला नाच म्हणत, आणि नाच अर्थातच ढोल्याचा. तो नाचला, उतरला, घाम पुसला. बाईंनी माप घेतलं. गाडी मागून अजून खालीच होती.

मिस्त्री वाकून बघून म्हणाले, "बाई, पाटा बसला."

बसला म्हणजे त्याचा बाक गेला, तो कायमचा. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी पाटे उतरवायला लावले. जमिनीवर ठेवले तर बाक जसाच्या तसा, कागदावर काढला होता तसा. दुसरी नवी जोडी चढवली. गाडी बरोबर त्याच खुणेपर्यंत खाली आली.

मग गाडी वजनकाट्यावर नेली. रिकाम्या गाडीचं भरायला हवं तेवढंच वजन भरलं. म्हणजे भार नव्हता, आणि पाटे मात्र भार असल्यासारखे वाकले होते. बाईंनी कितीने वाकले त्याचा हिशेब मांडला. एका माणसाचं वजन निघालं, चांगल्या भरल्या अंगाच्या माणसाचं. त्यांनी मान वर करून भावाकडे पाहिलं.

"काय गं, दृष्ट लावतेस की काय?" ढोल्या बिस्किट खात म्हणाला.

"आज नाचून झाल्यावर तू उतरलास ना?"

"उतरलो की. तुझ्यासमोरच तर उतरलो."

रविवारी वर्कशॉप बंद. तरी बाई आल्या, मिस्त्रींना बोलावलं, ढोल्याही मागोमाग आला. छताच्या पत्र्यातल्या भोकांमधून ऊन खाली येत होतं. बाईंनी चॅसीखाली गाडी किती लवते ते काट्याने दाखवणारे दोन डायल बसवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडीला कुणाचा हात लागलेला नव्हता. डावीकडचा काटा हळूच खाली गेला. मग तो वर आला आणि उजवीकडचा खाली गेला. मग पुन्हा डावीकडचा.

आत कुणी येरझाऱ्या घालत असतं, तर काटे असेच हलले असते.

मिस्त्रींनी डब्याची दारं उघडली. आत फळ्या, धूळ, आणि कोपऱ्यात झाडू. बाईंनी डायल बघितले. काटे थांबले होते.

"ताई, सोड ना," ढोल्या म्हणाला. "मी उद्या सांभाळून चालवीन."

"सांभाळून म्हणजे काय रे? उतारावर पाट्याने दगा दिला तर तू काय सांभाळणार?" बाईंचा आवाज चढला. आईवडील गेल्यापासून त्यांना या एका माणसाशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याला त्या उतारावर पाठवायचं ते त्यांच्याच सहीने. "शेवटचं एकदा नाच. मला नीट माप मिळू दे. पटलं तर सही करीन, नाहीतर गाडीला हात लावू द्यायची नाही तुला."

"बरं बाई, नाचतो," म्हणत तो चढला. दारं लावूनच माप घ्यायचं, म्हणून मिस्त्रींनी कडी घातली.

बाई डायलपाशी उकिडव्या बसल्या होत्या. एवढा माणूस आत गेला, आणि काटा जागचा हलला नव्हता.

"नाच रे."

वर धपधप पावलं वाजली. फळ्यांच्या फटींतून धूळ बाईंच्या केसांवर पडली. काटा ढिम्म.

"जोरात मार."

"जोरातच मारतोय."

मग पावलं थांबली.

"पुरे. उतर आता."

मिस्त्रींनी कडी काढली. दार उघडेना. त्यांनी खांदा लावला, मग पाय देऊन ओढलं. "डबा पिळलाय बाई. दारं चौकटीत आवळलीत."

"ढोल्या, आतून ढकल."

"ढकलायला हात पुढे येत नाही, ताई."

"म्हणजे?"

बाईंनी दाराला कान लावला.

"दाटी झालीय इथे," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. लहानपणी झोपेत बोलायचा, तसा.

बाईंनी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. मिस्त्री पहार घेऊन धावत आले. पहार फटीत घातली, दोघांनी तिच्यावर भार टाकला. लोखंड किरकिरलं.

दार उघडलं.

तो दाराला अगदी चिकटून उभा होता. गालावर पत्र्याचे वळ उठले होते. त्याच्या मागे रिकाम्या फळ्या, धूळ, आणि कोपऱ्यात झाडू.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग रडू यायला लागलं म्हणून शिव्या घातल्या. तो नुसता बघत होता.

"गेली खड्ड्यात ती गाडी," बाई म्हणाल्या. "सही करत नाही मी. कुणीच न्यायची नाही ती. तू चल, चहा घे."

मागून मिस्त्री म्हणाले, "बाई, जरा बघता का? गाडी आणखी खाली गेलीय. आता हिशेब दोन माणसांचा निघेल."

"राहू द्या हो."

बाई बाकड्यावर बसल्या. पाटा लवला. थर्मासमधून दोन कप भरून त्यांनी एक शेजारी ठेवला आणि सवयीने स्वतःचा कप अंगापासून लांब धरला. ढोल्या शेजारी येऊन बसला.

कपातला चहा हलला नाही.

बाईंनी खाली पाहिलं. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, किती भाराला पोलाद किती लवतं. पाटा त्यांच्या एकटीच्या वजनाला लवतो तेवढाच लवला होता.

"काय झालं, ताई?"

"काही नाही रे," बाई म्हणाल्या, आणि कप हातात घेऊन सावकाश उठल्या.

पाटा पूर्ण वर आला. ढोल्या त्याच्यावर बसून चहा फुंकत होता.