लाल रेघेतून सुटलेला शब्द

चंद्रप्रभाबाई खोकल्या आणि रांग फुटली.

एकदाच खोकल्या होत्या, तेही पदराआड. पण दिवसच तसले होते. चौऱ्याण्णवचा सप्टेंबर संपत आलेला, सुरतेतल्या प्लेगची बातमी सुरतेच्या गाडीआधी दिल्लीत पोचलेली, आणि नोएडाच्या त्या सेक्टरातल्या औषधांच्या दुकानासमोर तीस माणसं तोंडाला रुमाल बांधून गोळ्यांसाठी उभी. खोकला ऐकला मात्र, पाखरं उडावीत तशी उडाली सगळी. कुणी पानाच्या टपरीमागे, कुणी आपल्या मारुतीत शिरून काचा चढवल्या.

एक तेवढा हलला नाही. उंच, काटकुळा, निळ्या चौकटींचा रुमाल, आणि रुमालावर दोन हसरे डोळे.

"आप नहीं भागे?" बाईंनी विचारलं.

"मेरा नंबर अट्ठाईसवाँ था. आपने एक खाँसी में दूसरा कर दिया. मैं क्यों भागूँ?"

"अगं बाई..." चंद्रप्रभाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

ते डोळे लकाकले. "मराठी? मी पण. बळवंत दाणी. सी ब्लॉक, पहिला मजला. मागच्याच आठवड्यात शिफ्ट झालो."

"मग माझ्या पायाखालीच आलात की. मी दुसऱ्या मजल्यावर."

"अच्छा... म्हणजे रोज सकाळी माझ्या बाल्कनीसमोरून टोपली खाली जाते, ती आपली? मला वाटलं, वरून स्वर्गातून कुणी भेंडी मागवतंय."

बाईंनी पदर सावरला. उगाचच. तो ढळला नव्हता.

"आपलं मराठी फार शुद्ध आहे," बळवंतराव गोळ्या खिशात टाकत म्हणाले. "आपली शिक्षा कुठे झाली?"

चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. छत्तीस वर्षं केंद्राच्या एका मंत्रालयाच्या भाषांतर विभागात काढली होती त्यांनी. हिंदीतलं शिक्षण मराठीत आलं की शिक्षा होतं, हे त्यांना झोपेतही कळलं असतं.

"येरवड्याला," त्या म्हणाल्या.

"अच्छा. तिथे चांगलं कॉलेज आहे?"

"भिंती फार उंच आहेत."

एवढं बोलून त्या चालू लागल्या. घरी पोचेपर्यंत हसू ओठांवर धरून ठेवलं, आणि दार लावल्यावर सोडलं.

त्या दारावर पितळेची पाटी होती. *चंद्रप्रभा अंतरकर.* पुढे श्रीमती नाही, मागे कुणाची कोण नाही. बाविसाव्या वर्षी साताऱ्याहून एक ट्रंक घेऊन दिल्लीला आलेली मुलगी, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत दोन तपं राहिलेली, इथे नुसती मोहरीची शेतं होती तेव्हा सोडतीत नाव लागून हे घर मिळालेली. लग्न राहून गेलं असं लोक म्हणत. त्या म्हणत, राहिलं नाही, ठेवलं. पाटी दर शनिवारी चिंचेनं घासत, आणि घासताना आईच्या चालीवर आपलीच ओवी म्हणत:

*माझ्या दाराला गं बाई, माझ्या नावाची गं पाटी,*
*मीच बांधते तोरण, मीच मारते गं गाठी.*

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा, अविनाशचा फोन आला.

"आत्या, आता पुरे. तिकडे प्लेग, तिकडे मोर्चे. तू एकटी, बासष्ट वर्षांची. मी दसऱ्याला येतो. घराला कुलूप लावू आणि तुला घेऊन येऊ. मागची खोली रिकामी केलीय मी."

"माझं सामान मागच्या खोलीत मावायचं नाही."

"कसलं सामान आहे तुझ्याकडे?"

"चाळीस वर्षं," बाई म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन, "अवि, तू ये. दसऱ्याला सकाळी ये. मी माझ्या पायांनी येऊन दार उघडलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही उघडलं, तर मुकाट्यानं येईन तुझ्याबरोबर."

"ठरलं," तो हसून म्हणाला. त्याला वाटलं आत्या गंमत करतेय.

तिसऱ्या दिवशी आत्याला हुडहुडी भरली.

असा ताप, की भिंतीवरचं कॅलेंडर दोन दिसावं. कामाला येणारी कौशल्या गढवालातल्या पौडीकडची. डोंगरातल्या लोकांना आपलं वेगळं राज्य हवं होतं, मोर्चे दिल्लीकडे निघालेले, वाटेत गोळीबार झालेला. कौशल्याचा भाऊ त्यात होता, ती गावाला धावली होती. समोरच्या फ्लॅटनं दाराखालच्या फटीला ओलं फडकं लावलं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्याच्या तळाशी उभे राहून, तोंडावर हात धरून ओरडले, "मॅडम, संसर्गवाल्या अस्पतालला फोन करू का? गाडी येईल, घेऊन जाईल."

"गाडी आली तर तुम्हीच बसा," बाई आतून म्हणाल्या. पण आवाज जिना उतरू शकला नाही.

मग दारावर टकटक झाली. सावकाश. तीनदा.

"चंद्रप्रभाजी? दोन दिवस टोपली उतरली नाही. माझ्या बाल्कनीत अगदी सुनसान झालंय."

बाई भिंत धरत दारापर्यंत आल्या. कडी काढली नाही. "दार उघडणार नाही मी. काय आहे कोण जाणे... तुम्हाला लागेल."

"लागू दे."

"नाही म्हटलं ना."

दाराबाहेरून, "एक बोलू? आपल्यात अभिमान फार आहे."

"आहेच. थँक्यू."

"मी तारीफ नाही केली."

"हिंदीत नसेल केली. मराठीत केलीत."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. पुरुष एकटाच दारासमोर उभा राहून हसतो, तसला. "बरं. दार नका उघडू. टोपली तर सोडाल?"

टोपली सोडली गेली. दोर थरथरत होता, खाली कुणीतरी तो अलगद धरला. वर आली तेव्हा तिच्यात पातळ खिचडी, दोन मोसंबी, आणि चौघडी घातलेली चिठ्ठी.

*आदरणीय चंद्रप्रभाजी, आपण थोडी थोडी खिचडी खाण्याची चेष्टा करावी. मी डॉक्टर आणण्याची पूर्ण चेष्टा करीत आहे. बळवंत.*

अंगात एकशेतीन ताप होता. तरी बाईंनी उशाचं लाल शाईचं पेन काढलं, दोन्ही 'चेष्टां'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: *आजारी बाईची चेष्टा करू नये. प्रयत्न करावा.* टोपली खाली गेली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "सॉरी हां... आई गेल्यापासून मराठी कुणी दुरुस्त केलं नाही माझं."

ते वाक्य बाईंनी उशाशी ठेवून दिलं. त्याला कुठेच रेघ मारावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्च्यांमुळे रिक्षा नव्हत्या, बस नव्हत्या. बळवंतरावांनी डॉक्टर साधना यांना, चार सेक्टर पलीकडून, स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून आणलं. डॉक्टरीणबाईंपुरती कडी निघाली; त्यांनी बोट टोचून रक्त नेलं आणि संध्याकाळी निरोप पाठवला: मलेरिया.

"मलेरिया," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. एखाद्याला पदक मिळावं, तसं. उठल्या, जाड पुठ्ठा घेतला, ठसठशीत देवनागरीत लिहिलं, *मलेरिया है. प्लेग नहीं. — चं. अंतरकर,* आणि टोपलीला बांधून खाली सोडला. तीन दिवस तो पुठ्ठा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे वाऱ्यावर हलत राहिला. समोरच्या फ्लॅटनं फडकं काढलं. सेक्रेटरी त्या बाजूनं जाताना मान खाली घालू लागले.

पण गोळ्या मिळेनात. बंद होता, सेक्टरातली दुकानं बंद, दिल्लीच्या हद्दीवर लोखंडी अडथळे. सकाळी चिठ्ठी आली: *आज बॉर्डरवर यातायात बंद आहे.* बाईंनी लाल शाईत उत्तर दिलं: *माझी यातायात मात्र चालू आहे. हिंदीत वाहतूक थांबली की मराठीत हाल सुरू होतात.*

त्या दिवशी दुपारभर खालच्या बाल्कनीत कुणी नव्हतं. दर दहा मिनिटांनी बाई कठड्याशी येऊन वाकून पाहत. माणूस नाही, खुर्चीवर नुसतं वर्तमानपत्र... आणि स्कूटर तर खाली उभी. आपण कशासाठी वाकतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

ऊन कलल्यावर टोपलीचा दोर दोनदा हलला. गोळ्या होत्या. बाई पुन्हा वाकल्या, तर बळवंतराव पाय पाण्याच्या बादलीत घालून बसलेले, शेजारी बूट, बुटांवर यमुनेकाठची पांढरी माती.

"चालत गेलात?"

"गाड्या अडवत होते. माणसं नाही अडवली."

"पूल ओलांडून? सहासष्टाव्या वर्षी?"

"आपण माझं वय कुठून काढलं?"

"विषय बदलू नका."

"मग आपण पण सांगा," ते वर न बघता म्हणाले. "ताप एवढा, पुण्याला भाचा आहे, आणि एक फोन करत नाही. का?"

मग बाईंनी सांगितलं. कठड्यावरून खाली, तुटक तुटक... पैजेचं, मागच्या खोलीचं, दसऱ्याचं. एवढं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आता हे म्हणतील, मी येतो ना दार उघडायला. म्हणतील, माझा हात धरा. असं म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

बळवंतरावांनी बादलीतला एक पाय काढून दुसरा घातला. "मग दाराला मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "ते आपणच उघडायचं. मी टोपली भरतो."

चंद्रप्रभाबाई आत आल्या आणि बराच वेळ पलंगावर नुसत्या बसून राहिल्या. तापानं नव्हे.

ताप उतरला, पाय मात्र कापसाचे. रोज सकाळी त्या जिन्याला सराव करू लागल्या. पहिल्या दिवशी चार पायऱ्या, मग नऊ, मग पूर्ण अठरा. अठराव्या पायरीशी पहिल्या मजल्याचं दार असायचं, आणि दारात ते. हात खिशात. एकदा बाईंचा पाय लटपटला... खिशातल्या खिशात त्यांची मूठ आवळलेली दिसली, पण हात बाहेर आला नाही. बाईंनी कठडा धरला, उभ्या राहिल्या.

"कसला वास येतोय हो हा?" त्यांनी विचारलं, श्वास लागलाय हे कळू नये म्हणून.

"सप्तपर्णी. गल्लीभर लावलीय."

"आमच्याकडे सातवीण म्हणतात."

"सातवीण," त्यांनी जपून उच्चार केला. जसा कुणी फुलाचा देठ धरतो. "आणखी एकदा म्हणा."

"का? कळलं नाही?"

"कळलं. ऐकायचंय."

बाई वळल्या आणि अठरा पायऱ्या न थांबता चढून गेल्या. वर पोचल्यावर धाप लागली, पण ती नुसती पायऱ्यांची नव्हती.

दसऱ्याची सकाळ. सात वाजता दोर हलला. टोपलीत झेंडूची फुलं, आंब्याची पानं, आणि चिठ्ठी. नेहमीपेक्षा लांब.

*चंद्रप्रभाजी, नौकरी संपली. मुलगी आपल्या घरी सुखात. पत्नीला जाऊन आठ वर्ष झाली. सारी उमर दिल्लीत गेली, पण इथून दोन तासांवरचा पानिपतच्या लढाईचा काला अंबसुद्धा पाहिला नाही. आता वाटतं थोडा संसार पाहावा. एकट्याने संसार पाहण्यात मजा नाही. आपण सोबत याल का? बळवंत.*

बाईंनी पेन उघडलं. 'नौकरी'चं नोकरी केलं. 'वर्ष'वर अनुस्वार दिला. 'सारी उमर' खोडून सारं आयुष्य लिहिलं, पुढच्या 'गेली'चं गेलं केलं. आणि पेन 'संसार'वर येऊन थांबलं.

त्यांना म्हणायचंय जग. हिंदीतलं संसार म्हणजे जग. एक रेघ, वर तीन अक्षरांऐवजी दोन, झालं... पेनाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला. बाईंनी तो टिपकागदाला पुसला. चिठ्ठीची घडी घातली आणि टोपली खाली सोडली.

पाऊण तासानं दारावर टकटक. सावकाश, तीनदा. बाई चालत गेल्या, कडी काढली, दार सताड उघडलं. बळवंतराव, धुतलेला झब्बा, एका हातात सुईदोरा, दुसऱ्यात ती चिठ्ठी. चेहरा उतरलेला.

"मी शब्दकोश आणलाय मागच्या आठवड्यात," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "चिठ्ठी पाठवून झाल्यावर उघडला. मराठीत संसार म्हणजे... माफ करा. मला जग म्हणायचं होतं. आपण बाकी सगळं दुरुस्त केलं. ते तेवढं आपल्या नजरेतून सुटलं."

चंद्रप्रभाबाईंनी मान वर केली. पितळेची पाटी त्यांच्या खांद्याशी चमकत होती.

"बळवंतराव, छत्तीस वर्षं मंत्र्यांची भाषणं माझ्या हाताखालून गेली. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही."

हळूहळू उजाडावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं.

"पाटी माझीच राहील," बाई म्हणाल्या.

"मी खालचा मजला कुठे सोडतोय? मग टोपली कशात उतरायची?"

"आणि बाहेर कुणी विचारलं तर 'जी' लावायचं नाही मला. चंद्रप्रभा म्हणायचं."

"चंद्रप्रभा," ते म्हणाले. सातवीण म्हणाले होते, तसंच.

तोरण ओवून झालं. चौकटीच्या एका टोकाला स्टुलावर बळवंतराव, दुसऱ्या टोकाला बाई, टाचा उंचावून. झेंडू मधे लोंबत होता. दोघांची गाठ एकदमच बसली, आणि जिन्यावर पावलं वाजली.

अविनाश बॅग घेऊन वर आला आणि थबकला. पैजेची बेल वाजवायला उचललेला हात तसाच राहिला.

"आत्या... दार तर उघडंच आहे."

"मग? कुणी उघडलं असेल?"

तो हसला, वाकून पाया पडला, आणि मग स्टुलावरच्या गृहस्थांकडे पाहू लागला. "हे...?"

बाईंनी पदरानं हात पुसले.

"हे बळवंतराव. आम्ही दोघं संसार पाहायला निघालोय. आधी पानिपत."

"संसार... पाहायला?" पुण्याच्या कानांनी तो शब्द चाचपून पाहिला.

बळवंतराव स्टुलावरून घाईनं उतरले. "म्हणजे जग. तिला जग म्हणायचं..."

"राहू दे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "बरोबर आहे ते."