निकाल राखून ठेवला आहे

त्याचं पहिलं दर्शन मला धूसरच झालं, कारण माझा चष्मा तेव्हा दुकानदाराच्या हातात होता आणि त्याची निखळलेली काडी नव्या स्क्रूची वाट पाहत होती. बाहेर सर कोसळत होती. शेजारच्या खुर्चीत एक उंच, निळसर आकृती येऊन बसली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागली.

“मी दिसतोय का तुम्हाला?” आकृतीनं विचारलं.

“अंदाजे,” मी म्हणाले.

“मग ठीक आहे. अंदाजे मी बरा दिसतो.”

मला हसू आलं. त्याचाही चष्मा तयार होत होता, आयुष्यातला पहिला. गावात नवीन आहे म्हणाला, आणि पोट नजरेवरच चालतं, तेव्हा चष्म्याची बातमी फुटली तर लोकांना आयतं कोलीत मिळेल. मग जरा पुढे झुकून त्यानं विचारलं, “पेपरातले ते पंतोजी वाचता का हो? महिनाअखेरीच्या रविवारी म्हातारा मला नापास करणार आहे. कवळी काढून ठेवून लिहीत असेल... सगळ्यांवर तेवढाच राग.”

मी खोकले. कारण पंतोजी म्हणजे मी.

हंगाम संपला की आमचा फुटबॉल क्लब खेळाडू घेतो, सोडतो, प्रशिक्षक बदलतो, आणि मी त्या एकेका निर्णयाला शाळेसारखे शंभरपैकी गुण देते. पंतोजी हे नाव खरं तर बाबांचं. गणिताच्या या निवृत्त मास्तरांना वर्गातली मुलं त्यांच्या माघारी तसंच म्हणायची. लिहिणारा कुणी खडूस म्हातारा आहे असा गावाचा समज आहे, आणि संपादकांना तो समज सोयीचा वाटतो.

तेवढ्यात दुकानदारानं दोघांचेही चष्मे आणून दिले. मी माझा चढवला आणि मला घाम फुटला. शेजारी आमच्या क्लबचा गोलरक्षकांचा नवा प्रशिक्षक बसला होता. आल्या आल्या त्यानं गोल राखणाऱ्या, सगळ्यांच्या लाडक्या कप्तानाचा करार वाढवू दिला नव्हता. त्याच्या जागी राखीव गोलरक्षकाला आणलं होतं. गाव त्याच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि बाबा तर म्हणत होते, आला नाही तोच घरचा खांब उपटला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण कुणी आपल्याला नीट दिसावं म्हणून काच पुसतं, तेव्हा कशी जीभ उचलणार?

मग आम्ही त्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडे भेटू लागलो. सराव सुरू व्हायला अवकाश होता. तो गमतीजमती सांगायचा, मी हसायचे, आणि टेबलावरून घसरणारा माझा पेला तो माझ्याकडेच बघत अलगद झेलायचा. नोकरी विचारली तेव्हा वर्तमानपत्रात आहे एवढं मी सांगितलं. त्यानं खोलात विचारलं नाही आणि मीही ओठ मिटून घेतले. मी त्याच्यात गुंतत चालले होते, हे मला कळत होतं.

एकदा न राहवून मी विचारलंच, कप्तानाला का सोडलंत? त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

“त्याचा खांदा संपलाय,” तो हळूच म्हणाला. “आणखी एक हंगाम खेळला तर हात कायमचा जाईल. तो तयार होता, मीच अडवलं. पण लोकांनी कीव केलेली त्याला नकोय, म्हणून मी शिव्या खातोय. कुणाला सांगू नका... तुम्हाला का सांगितलं, मलाच कळत नाहीये.”

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही, फोनही उचलेना. इकडे लेखाची वेळ येऊन ठेपली. नव्या आघाडीच्या खेळाडूला मी पहिला वर्ग दिला. मुख्य प्रशिक्षकाचा लांबलचक करार काठावर पास केला. उजव्या बगलेला आधीच खेळाडूंची गर्दी असताना आणखी एक आणला, त्यावर ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ लिहून मोकळी झाले. गोलरक्षक बदलण्याच्या निर्णयापाशी मात्र पेन अडलं. कप्तानाच्या खांद्याचं लिहिलं तर गाव या नव्या माणसाला डोक्यावर घेईल, पण त्याचा माझ्यावरचा विश्वास जाईल. नापास केलं तर ते धडधडीत खोटं. आणि कारण न देता गुण द्यायला पंतोजी काय ज्योतिषी आहेत?

शेवटी मी लिहिलं, ‘निकाल राखून ठेवला आहे.’

संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. पंतोजींनी असं कधी केलं नव्हतं, ते म्हणाले. पंतोजींचंही वय झालं, मी म्हणाले.

लेख छापून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या दारात एक भिजलेली छत्री उभी राहिली आणि तिच्यामागे तो.

“पंतोजींना भेटायचंय,” तो थेट माझ्याकडे बघत म्हणाला.

त्याला ठाऊक होतं तर. खांद्याचं सांगितलं त्याच संध्याकाळी क्लबमध्ये कुणीतरी बोलता बोलता पंतोजी म्हणून माझं नाव घेतलं होतं. आपणच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला, असं म्हणत त्यानं ते दिवस काढले होते.

“काल पेपर उघडायला हात धजत नव्हता,” तो म्हणाला. “मग ती ओळ वाचली आणि सुटलो. गुपित तुमच्यापर्यंत गेलंय हे मी कप्तानाला सांगितलं होतं, तोही सुटला. सकाळी येऊन म्हणाला, आता माझं मीच सांगतो सगळ्यांना.” जरा थांबून म्हणाला, “कवळीबद्दल माफ करा.”

मी खुर्चीवर बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“पण निकाल राखून का ठेवलात? नापास करणं सोपं होतं.”

“एक तर ते गुपित माझं नव्हतं. आणि दुसरं...”

“दुसरं?”

“नियम आहे,” मी टेबलाकडे पाहत म्हणाले. “आपल्या माणसाचा पेपर आपण तपासायचा नसतो.”

मग मी मान वर केली. तो चष्मा काढून पुसत होता, आणि काच नुसतीच ओली होत होती.

“मग माझा पेपर तपासणार कोण?” त्यानं विचारलं.

“बाबा. तुमच्यावर खार खाऊन आहेत, आणि वरचे गुण कुणाला देत नाहीत.”

त्यानं चष्मा चढवला, छत्री उघडली आणि माझ्याकडे हात केला. आजवर तो मला ‘चला’ म्हणत असे.

“चल,” तो म्हणाला.