शेवटच्या फेरीचा राहिलेला डाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे, नंतर हसू येणार नाही. आमचा शिंपी तुम्हाला ठाऊक आहे. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. हे त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

बुद्धिबळाच्या स्पर्धेत दरवर्षी त्याची गाठ एका कंपाउंडरशी पडायची. बारा वर्षं. शिंपी एकदाही जिंकला नाही. पण अख्ख्या वर्षात त्याच्यासमोर तीन तास मन लावून बसणारा माणूस तो एकच.

मागच्या चौदा डिसेंबरला, शनिवारी, शेवटच्या फेरीला कंपाउंडर आलाच नाही. पंचांनी नियमाप्रमाणे अर्धा तास घड्याळ चालू ठेवलं आणि गुण शिंप्याला देऊन टाकला. फुकटचा गुण त्याला काही गोड लागेना. चाली लिहायचा कोरा कागद खिशात घातला आणि रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी हा कंपाउंडरच्या दारात हजर.

दार उघडंच होतं. कंपाउंडर टेबलापाशी बसलेला, समोर पट मांडलेला. शिंपी म्हणाला, "डाव राहिलाय आपला." त्यानं नुसती मान हलवली.

खेळले. शिंपी सवयीनं दोघांच्याही चाली लिहीत होता. कंपाउंडर लिहीत नव्हता. खोलीत गारठा होता.

एक्केचाळिसावी चाल. शिंप्याला दिसलं, हत्ती पुढे सरकवला की संपलं. बारा वर्षांनी. पण हात उचलेना. जिंकलो की उठावं लागेल... घरी जावं लागेल.

"खेळा," कंपाउंडर म्हणाला. "मला उशीर होतोय."

हत्ती सरकवला. चाल लिहिली. मान वर केली...

खुर्ची रिकामी.

कागद मुठीत धरून तो बाहेर आला, तर जिन्यात शेजारच्या बाई. म्हणाल्या, "भाचा आला का त्यांचा? त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय. दुपारी तीनला गेले हो ते. आत्ताच स्मशानात पोचवून आलो."

शिंपी घरी कसा आला, त्याचं त्यालाच माहीत. सकाळी कागद उघडला. त्याच्या एक्केचाळिसाव्या चालीपुढे उत्तराची चाल लिहिलेली होती. औषधाच्या पुड्यांवर असायचं तेच तिरकं, डावखुरं अक्षर. आणि त्या चालीनं कंपाउंडरचा राजा सुटत होता.

वर्ष होत आलं. कागदावरून शिंप्यानं तो डाव घरी मांडून ठेवलाय. परवा मी विचारलं, "अजून तोड सापडत नाही का?"

म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी सापडली. खेळत नाही."