बांधणीची सुई

हर्णै बंदरात जाळी सांधावीत ती हिराजी पावसेनंच. भोक दिसलं की ते सांधल्याशिवाय हा माणूस जेवायलाही उठायचा नाही. त्या दुपारी मात्र बायकोच्या, चंपाच्या पोटावरचा औषधाचा पट्टा हिरवा झाला आणि हिराजी इंजेक्शनची सुई हातात धरून नुसताच बसून राहिला.

डॉक्टर मुकादमबाईंनी त्याला सगळं नीट समजावलं होतं. शरीरातल्या पेशी कोलॅजनसारख्या प्रथिनांच्या बारीक जाळीत बसलेल्या असतात. चंपाच्या स्वादुपिंडातल्या गाठीने ही जाळी आवळून इतकी घट्ट केली होती, की औषध बाहेरच अडकायचं. म्हणून पहिली सुई जाळी सैल करते, मग पट्ट्यातलं औषध आत शिरतं. औषध संपून पट्टा हिरवा झाला की तासाभरात दुसरी सुई, जाळी परत आवळणारी, बांधणीची.

"नाहीतर गाठीतल्या पेशी निसटून दुसरीकडे घर करतील, हिराजीभाऊ. उघड्या जाळ्याचं तुम्हाला मी काय सांगायचं?" बाई म्हणाल्या होत्या.

चंपा पाटावर बसून बांगड्याचं कालवण आणि भात खात होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच. जाळी सैल झाली तशी आत दबलेली नस मोकळी झाली होती आणि दुखणं पार पळालं होतं.

"ती सुई दिली की परत आवळणार ना?" तिने विचारलं.

"आवळणार. पण द्यावीच लागते."

"मग जेवण तरी होऊ द्या. होडी सुटतेय का तुमची?"

जेवून ती झोपली, गाढ, न कण्हता. हिराजीला तिला उठववेना. संध्याकाळी ती शेजारणीशी हसत अंगणात बसली. त्याचा जीव तीळतीळ तुटत होता, पण हात काही पुढे होईना. सुई दिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारपर्यंत दुखणं परत आलं.

तीन आठवड्यांनी स्कॅनच्या चित्रात यकृतावर बारा ठिपके दिसले, पसरलेल्या गाठीचे. जाळी किती तास उघडी राहिली, तेही पट्ट्याने नोंदवून ठेवलं होतं.

"बाई, मीच उघडं ठेवलं," हिराजी म्हणाला आणि तिथेच रडला.

"त्या पेशी आधीच निसटल्या असतील," डॉक्टर म्हणाल्या. "नसतीलही. मला खरंच सांगता येणार नाही."

घरी आल्यावर चंपा त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"ती पहिली, सैल करणारी सुई अजून एक शिल्लक आहे ना? निसटायचं ते निसटलंय. मला पोटभर जेवायचंय हो. बांधणीची राहू दे, नुसती तेवढीच द्याल?"